इंग्रजीच्या तोंडी बसलेली स्पॅनिश

घोड्याच्या पाठीवर खोगीर घातलं की ते सरकू नये म्हणून पोटाखालून एक पट्टा घेऊन घट्ट आवळतात. मराठीत त्या पट्ट्याला तंग म्हणतात, मेक्सिकोतले गुराखी त्याला 'सिंचा' म्हणत. एकोणिसाव्या शतकात टेक्सास आणि कॅलिफोर्नियात येऊन राहिलेल्या इंग्रजीभाषकांनी हा पट्टा उचलला, त्याबरोबर नावही उचललं आणि शेवटचा स्वर गाळून त्याचं 'सिंच' केलं. पुढे घट्ट आवळणं म्हणजे 'सिंच' करणं झालं. मग हातातून निसटणार नाही अशी पक्की गोष्ट म्हणजे 'सिंच', आणि जे पक्कं हातचं आहे ते अवघड कसलं, म्हणून अगदी सोपं काम म्हणजेही 'सिंच'. आज अमेरिकेतली मुलगी परीक्षेहून घरी येते आणि पेपर 'सिंच' होता असं आईला सांगते, तेव्हा तिच्या मनात घोडाही नसतो आणि मेक्सिकोही नसतो.

अमेरिकन माणसाच्या रोजच्या बोलण्यात असे शब्द जागोजागी आहेत. काम ताबडतोब हवं असेल तर 'प्राँटो', डोकं फिरलेल्याला 'लोको', काहीच नाही याला 'नाडा', मित्राला 'अमिगो', दुपारच्या झोपेला 'सिएस्टा', घरामागच्या फरशी घातलेल्या मोकळ्या जागेला 'पॅटिओ'. यांतले काही आपल्यापर्यंतही पोचले आहेत. मोबाइल सफाईने वापरणाऱ्या आजोबांना आपण 'टेक-सॅव्ही' म्हणतो. त्यातल्या 'सॅव्ही'च्या मुळाशी 'साबे', म्हणजे 'त्याला ठाऊक आहे', हे स्पॅनिश-पोर्तुगीज क्रियापद आहे.

अशा शब्दांची यादी कोणत्याही शब्दकोशात मिळते. यादीपेक्षा मोलाची गोष्ट प्रत्येक शब्दाच्या अंगावर दिसते. शब्द कुठे झिजला, कुठे वाकला, कुठे जसाच्या तसा राहिला हे नीट पाहिलं तर तो कानाने उचलला की डोळ्याने, आणि उचलणारा तेव्हा देणाऱ्याच्या शेजारी बसून काम शिकत होता की त्याच्याकडे वरून बघत होता, हे बरंचसं कळतं. ते कसं कळतं हे एकेक शब्द घेऊन पाहू.

सगळ्यात भरघोस साठा गुराख्यांचा आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. अमेरिका खंडात गाई-बैल नव्हते आणि स्पॅनिश लोक गेले तेव्हा घोडेही नव्हते. दोन्ही जनावरं सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोत उतरली. मोकळ्या माळावर हजारो गुरं सोडायची, ती घोड्यावर बसून हाकायची, दोर टाकून पकडायची आणि डाग देऊन ओळखायची, ही पद्धत तिथे पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तयार झाली. हे काम करणारा तो 'बाकेरो'. स्पॅनिशमध्ये गाईला 'बाका' म्हणतात, त्यावरून हा शब्द. कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्ती मिशनांच्या गुरांवर काम करणारे बाकेरो पुष्कळदा तिथले मूळ रहिवासीच असत. एके काळी मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायला स्पॅनिश सत्तेची बंदी होती, आणि पुढे मूळ रहिवाशांवाचूनच मिशनांची गुरं सांभाळली जात नव्हती.

टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. १८२१ नंतर तिथे स्टीव्हन ऑस्टिन याच्या पुढाकाराने अमेरिकेतून इंग्रजीभाषक कुटुंबं राहायला येऊ लागली. त्यांना कापसाची शेती येत होती. कुंपण नसलेल्या माळावर घोड्यावरून गुरं राखायची विद्या मात्र त्यांना बाकेरोंकडूनच घ्यावी लागली. ज्याच्याकडून काम शिकायचं त्याचेच शब्द शिकावे लागतात, आणि तेही वही-पुस्तकातून नव्हे तर धुळीत, धावत्या घोड्यावर, ओरडून सांगितलेले. म्हणून या शब्दांचे आकार असे आहेत.

'बाकेरो'चंच बघा. स्पॅनिशमध्ये लिहिताना तो 'व्ही'ने सुरू होतो, पण त्या अक्षराचा उच्चार ब असाच होतो. इंग्रजीभाषकाने लिहिलेलं पाहिलं असतं तर त्याने 'व्ह' म्हटलं असतं. त्याने ऐकलं, म्हणून 'ब' आला, आणि शब्द झाला 'बकरू'. आजही नेवाडा आणि पूर्व ओरेगॉनकडचे गुराखी स्वतःला काउबॉय म्हणवण्यापेक्षा बकरू म्हणवून घेण्यात अभिमान मानतात.

दोराला बाकेरो 'ला रेआता' म्हणत. 'ला' हे उपपद आहे, 'रेआता' म्हणजे दोर. ऐकणाऱ्याला ही दोन पदं आहेत हे कसं कळणार? त्याने सगळं एकत्र गिळलं आणि 'लॅरिएट' हा शब्द तयार झाला. आता इंग्रजीत त्याला पुन्हा इंग्रजी उपपद लावतात, म्हणजे एका दोराला दोन उपपदं. फ्लोरिडाकडच्या दलदलीत हेच आधी घडून गेलं होतं. स्पॅनिश खलाशांनी तिथल्या मगरीसारख्या प्राण्याला 'एल लागार्तो', म्हणजे नुसतं 'सरडा', म्हटलं, आणि इंग्रजांनी उपपदासकट त्याचा 'ॲलिगेटर' केला. स्पॅनिशने स्वतः हेच अरबीच्या बाबतीत केलं होतं. स्पेनमध्ये अरबी बोलणारे राज्यकर्ते आठव्या शतकापासून होते. त्यांची 'अत्-तूब', म्हणजे वीट, स्पॅनिशमध्ये उपपदासह शिरली आणि 'आदोबे' झाली. न्यू मेक्सिकोतल्या कच्च्या विटांच्या घरांमुळे ती इंग्रजीत 'अडोबी' झाली. तो अरबी शब्दही इजिप्तच्या प्राचीन भाषेतून आलेला होता. नाईलकाठच्या विटेचं नाव रिओ ग्रांदेच्या काठावर पोचलं, आणि वाटेत चिकटलेलं अरबी उपपद अजून त्याच्या अंगावर आहे.

दोराचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात काम आणि शब्द वेगळे करताच येत नाहीत. कॅलिफोर्नियाचा बाकेरो कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून साठ फूट किंवा त्याहूनही लांब दोर करायचा. फास वळूच्या शिंगांत पडला की दोराचं दुसरं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटीला बांधून ठेवायचं नाही, त्याचे वेढे द्यायचे. बांधून ठेवलं तर धावत्या वळूच्या हिसक्याने चामडं तुटतं, वेढे दिले तर दोर थोडा सरकतो आणि हिसका मुरतो. शिकाऊ माणसाला ओरडून सांगायचं ते 'दाले वुएल्ता', म्हणजे 'वेढा दे'. इंग्रजी कानाने ते 'डॉली वेल्टर' असं ऐकलं आणि पुढे नुसतं 'डॅली' उरलं. टेक्सासचे गुराखी आखूड दोर खुंटीला पक्का बांधत, कॅलिफोर्निया-नेवाडाचे डॅली करत, आणि यांतली कोणती पद्धत बरी यावर तिकडे अजून वाद घालतात. वेढ्यात अंगठा सापडून तुटल्याच्या घटनाही तिकडे होत आल्या आहेत.

या शब्दांचे कोपरे कसे झिजले त्यालाही नियम आहेत. इंग्रजीला शब्दाच्या शेवटी उघडा, ठसठशीत स्वर फारसा रुचत नाही, म्हणून 'रांचो'चा 'रँच' झाला आणि 'सिंचा'चा 'सिंच'. स्पॅनिश माणसाला शब्दाच्या सुरुवातीला 'स्त' हे जोडाक्षर जड जातं, त्याआधी तो 'ए' लावतो, जसं आपल्याकडे गावाकडे स्टोव्हचा 'इष्टो' होतो. इंग्रजीला ते जोडाक्षर जड नाही, म्हणून तिने तो 'ए' काढून टाकला. गुरं बिथरून एकदम उधळली की मेक्सिकोत 'एस्तांपिदा' म्हणत, त्याचं 'स्टँपीड' झालं. आज आपली इंग्रजी वर्तमानपत्रं यात्रेतल्या किंवा रेल्वेच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीला हाच शब्द वापरतात. कॅनडातल्या कॅलगरी शहरात १९१२ साली भरलेल्या गुराखी खेळांच्या जत्रेचं नावही तेच पडलं. बंदरावरच्या माल चढवणाऱ्या 'एस्तिबादोर'चा 'स्टीव्हडोर' झाला तो याच नियमाने.

बोलीतले उच्चारही शब्दांत गोठून राहिले आहेत. न्यायालयाला स्पॅनिशमध्ये 'हुसगादो' म्हणतात, पण बोलताना शेवटच्या 'आदो'तला द पडतो आणि 'हुसगाओ' ऐकू येतं. इंग्रजीत कैदखान्याला चेष्टेने 'हूसगाऊ' म्हणतात तो हाच शब्द. पुस्तकातून आला असता तर द शाबूत असता. न्यायालयाचा कैदखाना कसा झाला, हे त्या काळच्या सरहद्दीवरच्या गावांत कोणाला कुठे नेलं जायचं यावरून ज्याने त्याने ताडावं.

कानाने उचललेल्या क्रियापदांची तर सगळी मांडणीच बदलते. 'बामोस' म्हणजे 'चला, जाऊ या'. इंग्रजीने त्यातला 'आपण' टाकून दिला आणि त्याचं 'व्हमूस', म्हणजे पळ काढणं, असं साधं क्रियापद केलं. आता त्याला इंग्रजी भूतकाळाचा प्रत्ययही लागतो. नामांच्या बाबतीत गंमत अनेकवचनात होते. मक्याच्या पिठात सारण भरून कणसाच्या पानात उकडलेलं जे असतं ते स्पॅनिशमध्ये एक असेल तर 'तमाल' आणि अनेक असतील तर 'तमालेस'. पण एकच तमाल कोण विकत घेतो? इंग्रजी माणसाने नेहमी अनेकवचनच ऐकलं. एकवचन हवं झालं तेव्हा त्याने आपल्या व्याकरणाप्रमाणे शेवटचा स काढला आणि 'तमाले' हे स्पॅनिशमध्ये नसलेलं एकवचन तयार झालं.

आकारापेक्षा अर्थाचा प्रवास अधिक विलक्षण असतो, आणि त्यात 'बोनान्झा'सारखा दुसरा शब्द मला ठाऊक नाही. आपल्याकडच्या दिवाळीतल्या विक्रीच्या जाहिरातींत तो भेटतो. त्याची सुरुवात होते ग्रीकमध्ये, 'मलाकिया' म्हणजे मऊपणा, समुद्राचा शांतपणा. लॅटिनमध्ये तो 'मलाकिया'च राहिला. पण लॅटिनमध्ये 'मल' म्हणजे वाईट. शांत समुद्रासारख्या चांगल्या गोष्टीच्या नावात 'वाईट' कशाला, असं वाटून बोलणाऱ्यांनी तिथे 'बोन', म्हणजे चांगलं, बसवलं. त्याचं स्पॅनिशमध्ये 'बोनान्सा' झालं, म्हणजे निवळलेलं हवामान, शांत समुद्र. हा खलाशांचा शब्द मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींत उतरला. भरपूर धातू देणारी शीर लागली की खाण 'बोनान्सा'त आहे म्हणायचं आणि नुसता दगड लागला तर 'बोर्रास्का'त, म्हणजे वादळात. नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या खाणीत १८५९ नंतर गर्दी झाली तेव्हा इंग्रजी खाणकामगार हे दोन्ही शब्द वापरत. १८७३ मध्ये तिथे प्रचंड साठा सापडला, त्याला 'बिग बोनान्झा' असंच नाव पडलं. मग १९५९ पासून चौदा वर्षं चाललेली त्याच नावाची टीव्ही मालिका आली आणि शब्द घराघरात गेला. वादळ मात्र मागे राहिलं. 'बोर्रास्का' आज इंग्रजीत कोणी म्हणत नाही, कारण यशाची जाहिरात करता येते, रिकाम्या खाणीची कोण करणार?

लघुत्वाचे प्रत्ययही असेच अर्थ गमावून आले. 'मोस्का' म्हणजे माशी आणि 'मोस्कितो' म्हणजे छोटी माशी, तो डास झाला. चिलखत घातलेला छोटा जीव 'आर्मादियो', त्याचा 'आर्माडिलो' झाला. 'गेर्रा' म्हणजे युद्ध आणि 'गेर्रिया' म्हणजे छोटं युद्ध. १८०८ ते १८१४ या काळात नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमधल्या लहान लहान टोळ्यांनी जी झुंज दिली तिच्यामुळे हा शब्द युरोपभर गेला. इंग्रजीने युद्धाचं नाव लढणाऱ्यालाच देऊन टाकलं. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो त्या लढाईचं इंग्रजी नाव मुळात 'छोटी लढाई' एवढंच आहे.

आतापर्यंतचे बरेचसे शब्द जमिनीवरच्या सरहद्दीतून आले. त्याआधी समुद्रातून आलेल्यांचा एक थर आहे, आणि तिथे मराठीचा खरा संबंध येतो. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथे ताइनो लोक राहत होते. त्यांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत 'कनू' आली, झुलती खाट 'हॅमॉक' आली, 'हरिकेन' आलं, 'बार्बेक्यू' आलं. त्यांच्याकडे एक गोड कंद होता, त्याचं नाव 'बताता'. म्हणजे आपलं रताळं. पुढे पेरूच्या डोंगरातला दुसरा एक कंद स्पॅनिश लोकांच्या हाती आला. केचुआ भाषेत तो 'पापा'. दोन कंद आणि दोन नावं यांची सरमिसळ होऊन स्पॅनिशमध्ये 'पताता' झालं. इंग्रजीने 'पोटॅटो' हे नाव आधी रताळ्यालाच दिलं होतं, ते नंतर दुसऱ्या कंदावर सरकलं. पोर्तुगीजांनी 'बताता' आपल्याबरोबर पूर्वेला आणला आणि कोकण-गोव्याच्या वाटेने तो मराठीत 'बटाटा' झाला. वडापावातल्या बटाट्याला आपण ज्या नावाने ओळखतो ते नाव एका कॅरिबियन बेटावरच्या रताळ्याचं आहे, आणि ज्यांनी ते दिलं त्या ताइनोंची भाषा आज कोणाची मातृभाषा उरलेली नाही. डहाणू-घोलवडचा चिकूही असाच लांबून आला आहे. मेक्सिकोत त्या फळाला 'चिकोसापोते' म्हणतात, आणि त्याच्या झाडाचा चीक तिथे 'चिकले', ज्याचा पूर्वी च्युइंगगम करत.

खाण्याच्या पदार्थांची नावं मी भराभर ओलांडतो, कारण ती बहुतेक डोळ्याने उचललेली आहेत. पाकिटावर, हॉटेलच्या फलकावर, मेनूकार्डावर छापलेली. 'ताको', 'बुरितो', 'साल्सा', 'केसादिया' यांचं स्पेलिंग शाबूत आहे आणि गोंधळ उच्चारात आहे. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. 'हालापेन्यो' मिरचीच्या स्पॅनिश नावात न वर एक लहरी रेघ असते, ती असली की न्य म्हणायचं. ही मिरची मेक्सिकोतल्या हालापा शहराची. दुसरी मिरची हवानाच्या नावावरून 'आबानेरो'. तिच्या न वर रेघ नाही. पण अमेरिकेत पुष्कळ जण तिथेही न्य म्हणतात, काही जण लिहिताना रेघही देतात. स्पॅनिशमधली मिरची म्हणजे न्य असणारच, असा त्यांचा समज. अज्ञानाने झालेली चूक वेगळी आणि अर्धवट ज्ञानाने, आदर दाखवायच्या धडपडीत झालेली चूक वेगळी. ही दुसऱ्या जातीची आहे. 'मानो आ मानो'चंही तसंच. स्पॅनिशमध्ये 'मानो' म्हणजे हात, म्हणून समोरासमोर, हातघाईवर. इंग्रजी डोळ्याला त्यात 'मॅन' दिसतो आणि तो 'माणसाशी माणूस' असा अर्थ घेऊन मोकळा होतो.

काही वाक्प्रचार स्पॅनिश वेश टाकून आले, त्यामुळे ते ओळखू येत नाहीत. बैलझुंजीत मातादोर अखेरचा वार करतो त्या घटकेला स्पॅनिशमध्ये 'सत्याचा क्षण' म्हणतात. हेमिंग्वेने १९३२ च्या आपल्या बैलझुंजीवरच्या पुस्तकात तो इंग्रजीत आणला आणि आज कंपन्यांच्या बैठकांतही तो ऐकू येतो. स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ साली माद्रिदवर चार तुकड्या चालून येत असताना शहराच्या आत आपली पाचवी तुकडी आहे असं जनरल मोला म्हणाल्याचं सांगतात. त्या 'किंता कोलुम्ना'चं इंग्रजीत भाषांतर झालं आणि तिथून मराठी पत्रकारितेत 'पंचमस्तंभी' आला. मूळ शब्दातला 'कोलुम्ना' म्हणजे सैन्याची रांग, पण आपल्याकडे त्याचा खांब झाला. फितुराला आपण पाचवा खांब म्हणतो ते यामुळे.

आता शेवटचा प्रकार, आणि त्याच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश, टेक्सास धरून, अमेरिकेकडे गेला. आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, ॲरिझोनाचा बहुतेक भाग, न्यू मेक्सिको असा हा मुलूख. तहाच्या नऊ दिवस आधी कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं, त्यामुळे पाहता पाहता इंग्रजीभाषकांची तिथे रीघ लागली. तिथली स्पॅनिश बोलणारी कुटुंबं कुठेही गेली नव्हती, सीमाच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली. ज्याच्याकडून काम शिकायचं तो माणूस आता आपल्या हाताखालचा मजूर झाला. नातं फिरलं, आणि शब्द उचलायची रीतही फिरली.

'पेओन' हा साधा मजुराचा शब्द इंग्रजीत क्षुद्र माणसाचा झाला. 'मान्याना' म्हणजे सकाळ किंवा उद्या. इंग्रजीत तो 'उद्या बघू' अशा आळसाचा शब्द झाला, आणि तो आळस कोणाच्या माथी मारला हे सांगायला नको. 'आदिओस' म्हणजे देवाच्या हवाली करून घेतलेला निरोप. इंग्रजीत तो कटकट गेली म्हणून झटकून टाकण्याचा झाला. जोडीला एक खेळ सुरू झाला. इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'ओ' लावायचा, आधी 'एल' लावायचं, की झालं स्पॅनिश. 'नो प्रॉब्लेमो' याच टाकसाळीतला. स्पॅनिशमध्ये मुळात 'प्रोब्लेमा' आहे, शेवटी आ. म्हणजे हा शब्द उसना घेतलेलाच नाही, तो उसना असल्याचं सोंग आहे.

१९९१ च्या 'टर्मिनेटर २' चित्रपटात हा सगळा व्यवहार एका प्रसंगात दिसतो. भविष्यातून आलेल्या यंत्रमानवाचं बोलणं फार कोरडं आहे, म्हणून एक मुलगा त्याला माणसांसारखं बोलायला शिकवतो. होकार द्यायचा असेल तर 'नो प्रॉब्लेमो' म्हण, आणि कोणाला उडवून लावायचं असेल तर 'आस्ता ला विस्ता, बेबी' म्हण. अनौपचारिक अमेरिकन इंग्रजी म्हणजे काय याचा तो धडा आहे आणि त्यात दोन गोष्टी स्पॅनिश वळणाच्या आहेत. 'आस्ता ला विस्ता'चा खरा अर्थ 'पुन्हा भेट होईपर्यंत'. चित्रपटात ते शत्रूवर गोळी झाडण्याआधी म्हटलं जातं. स्पेनमध्ये हा चित्रपट स्पॅनिशमध्ये आला तेव्हा तिथे हे वाक्य ठेवून काही उपयोग नव्हता, कारण स्पॅनिश कानाला त्यात कसलीच ऐट वाटली नसती. तिथे यंत्रमानव जपानी शब्द घेऊन 'सायोनारा, बेबी' म्हणतो.

ॲरिझोना विद्यापीठातल्या जेन हिल या अभ्यासिकेने १९९० च्या दशकात या बोलण्याला 'मॉक स्पॅनिश', म्हणजे सोंगाची स्पॅनिश, असं नाव दिलं आणि त्यावर सविस्तर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बोलणाऱ्याला आपण दिलखुलास, गमत्या, स्थानिक रंगात रंगलेले वाटतो, पण तो विनोद ऐकणाऱ्याला कळायचा असेल तर स्पॅनिश बोलणारे आळशी, अस्वच्छ, हलक्या चालीचे असतात हा समज दोघांच्याही मनात आधीपासून असावा लागतो. समज बोलून दाखवावा लागत नाही, विनोदच तो पुढच्या माणसाकडे पोचवतो. यावर पुष्कळांनी आक्षेप घेतला, साध्या थट्टेत एवढं पाहू नये म्हणाले. मला हिल यांचं म्हणणं पटतं, आणि ते पटण्याचं कारण टेक्सासमधली एक शाळा आहे.

पश्चिम टेक्सासमधल्या मार्फा गावात ब्लॅकवेल नावाची शाळा होती, मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी काढलेली. आवारात स्पॅनिश बोलायला बंदी होती आणि बोललेल्या मुलांना फटके बसत. १९५४ मध्ये तिथे मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका पेटीत भरल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून 'मिस्टर स्पॅनिश'चा दफनविधी केला. १९६५ मध्ये शाळा बंद झाली आणि अलीकडे तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आहे. त्याच काळात, त्याच राज्यात, गोरा माणूस मित्राला 'आदिओस, अमिगो' म्हणून हात हलवत होता आणि लोक त्याला रंगेल म्हणत होते. तोच शब्द मुलाच्या तोंडून आला असता तर पाठीवर छडी पडली असती. अर्थ तोच आणि उच्चार मुलाचाच बरोबर. फरक बोलणारा कोण आहे एवढाच होता.

आज अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून अधिक आहेत आणि उसनवारी उलट दिशेनेही जोरात चालते. 'लोन्चे' म्हणजे दुपारचं जेवण, 'त्रोका' म्हणजे ट्रक, 'पार्केआर' म्हणजे गाडी लावणं. हे शब्दही कारखान्यात, शेतात, रस्त्यावर कानाने उचललेले आहेत, आणि त्यांचे कोपरे स्पॅनिशच्या नियमांनी झिजलेले आहेत. मेक्सिको शहरातले शिकलेले लोक त्यांना नाकं मुरडतात, पण 'बकरू' आणि 'लॅरिएट' ज्या रीतीने झाले त्याच रीतीने हे झाले आहेत.

उच्चाराचा प्रश्न अजून तापलेला आहे. सान होसेच्या नगर परिषदेने १९७९ साली शहराच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावरची स्पॅनिश आघातखूण अधिकृत केली. २०१५ मध्ये फिनिक्समधल्या एका टीव्ही निवेदिकेने बातम्या देताना जवळच्या मेसा शहराचं नाव स्पॅनिश वळणाने 'मेसा' असं घेतलं, तिथल्या रूढ 'मेयसा'पेक्षा आखूड ए आणि स्वच्छ आ ठेवून, तर प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. तिने पडद्यावरूनच शांतपणे सांगितलं की ही नावं जशी म्हणायची असतात तशी म्हणायला तिला आवडतं.

त्या भागात राहणाऱ्या मराठी माणसांना ही नावं रोज लिहावी-बोलावी लागतात, आणि त्यांच्या हाती देवनागरी आहे. स्पॅनिशचा त आणि द आपल्या त-द सारखेच दातांना जीभ लावून होतात, ट-ड सारखे नाहीत. न वर रेघ असलेलं अक्षर आपण न्य लिहू शकतो. जे ने सुरू होणाऱ्या नावात ह लिहायचा, दोन एल एकत्र आले की य, आणि सुरुवातीचा एच मुका ठेवायचा. मग 'टॉर्टिला'चं 'तोर्तिया' होतं, 'टाको'चा 'ताको', आणि 'ला जोला' असं वाचलं जाणारा सान दिएगो शहरातला किनाऱ्यावरचा भाग 'ला होया' होतो. तिथले इंग्रजीभाषकही त्याला 'ला होया'च म्हणतात.